डाव्या पायाची रजा

मोटार चालविणाऱ्याचा उजवा पाय सर्वांच्या लक्षात येतो. वेग वाढविणे त्याच्याकडे आणि थांबविणेही त्याच्याचकडे. डावा पाय मात्र आपले काम निमूटपणे करीत असतो. गाडी चढावर थांबलेली आहे, मागे दुसरी गाडी चिकटून उभी आहे आणि आता निघायचे आहे, अशा वेळी हा पाय क्लचचे पेडल हळूहळू वर येऊ देतो. इंजिनाचा स्वर खाली उतरू लागला की केसभर थबकतो. गाडीने भार उचलल्याचे जाणवताच उरलेले पेडल सोडून देतो. इंजिनाचा आवाज, बैठकीतून पोचणारा कंप, रस्त्याचा चढ आणि गाडीतील माणसांचे ओझे ह्या चार गोष्टींचा मेळ तो दोन-तीन सेकंदांत घालतो. नवशिक्याला हे साधायला काही आठवडे लागतात. एकदा साधले, की आपण असे काही करतो हेही माणूस विसरून जातो.

ह्या पायाला रजा द्यावी, ही इच्छा मोटारीच्या इतिहासात फार लवकर उत्पन्न झाली आणि मोठ्या मोटारींपुरती ती फळालाही आली. परंतु कचेरीतला एखादा जुना कारकून रजेवर गेला, म्हणजे तो कोणकोणती कामे करीत होता ह्याचा उलगडा त्याच्या गैरहजेरीतच होतो. काही कागद अडतात, काही भलतीकडे जातात, आणि पदभार कोणी घ्यायचा ह्यावरून कुरबुर सुरू होते. लहान आणि स्वस्त मोटारींना स्वयंचलित गिअर बसविण्याचा इतिहास हा बराचसा अशा पदभाराचा इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात अनेक देशांतील कुशल अभियंत्यांनी डाव्या पायाचे काम रबरी पट्ट्यांवर, तेलावर, लोखंडाच्या भुकटीवर आणि शेवटी संगणकावर सोपवून पाहिले. त्यांतील पुष्कळ यंत्रांनी लाखो लोकांची सोय केली. जेथे ती अडली, तेथे बहुधा त्या पायाच्या शहाणपणाचा एखादा अंश नव्या कारभाऱ्याच्या ध्यानी आलेला नव्हता, असे दिसून येते.

मुळात मोटारीला गिअर लागतात कशासाठी? वाफेचे इंजिन उभ्या जागेवरून पूर्ण जोर लावू शकते. पेट्रोलच्या इंजिनाला ते साधत नाही. ते एका मर्यादेपेक्षा हळू फिरू लागले, तर धापा टाकून बंद पडते. आणि त्याचा खरा जोर फिरण्याच्या ठरावीक पट्ट्यातच असतो. म्हणून इंजिन आणि चाके ह्यांच्यामध्ये दोन मध्यस्थ नेमावे लागतात. गाडीच्या वेगाप्रमाणे इंजिनाच्या फेऱ्यांचे प्रमाण बदलणारी गिअरची पेटी हा एक, आणि दोहोंचा संबंध हवा तेव्हा जोडणारा आणि तोडणारा क्लच हा दुसरा. १८९० नंतरच्या दशकात एमिल लव्हासोर ह्या फ्रेंच अभियंत्याने सरकत्या दातेरी चक्रांची जी पेटी रूढ केली, तिचाच वंश पुढे जगभर विस्तारला. ही पद्धत राकट आहे, पण ती चालते, असे उद्गार त्याने स्वतःच काढल्याचे सांगतात. फिरती चक्रे एकमेकांत अडकविताना होणारा खडखडाट पुढे पिढीभर मोटारवाल्यांनी सहन केला. १९२८ मध्ये अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारीत अर्ल थॉम्प्सन ह्याच्या युक्तीने चक्रांचे वेग आधी जुळवून घेण्याची सोय झाली, आणि हाताचे कष्ट पुष्कळ हलके झाले. पायाचे मात्र तसेच राहिले.

पायाच्या सुटकेचे बीज जहाजांच्या कारखान्यात रुजले होते. श्टेटिन येथील व्हुल्कान जहाज-कारखान्यात काम करणाऱ्या हेर्मान फ्योटिंगर ह्या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये तेलाच्या प्रवाहाच्या साहाय्याने शक्ती एका दांड्यावरून दुसऱ्यावर नेण्याच्या यंत्रणेचे पेटंट घेतले. कल्पना समजायला सोपी आहे. विजेचे दोन टेबल-पंखे समोरासमोर ठेवावे आणि एकच सुरू करावा; त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. वाऱ्याच्या जागी तेल आणि पात्यांच्या जागी बंद डब्यातील वाट्या कल्पिल्या, की फ्योटिंगरचे यंत्र तयार झाले. ह्यात लोखंड लोखंडाला घासत नाही. गाडी थांबलेली असताना इंजिन खुशाल फिरत राहते, तेल तेवढे घुसळले जाते. अशा तैल-जोडणीमागे चार गतींची पेटी बसवून आणि त्या गती तेलाच्या दाबाने आपोआप बदलतील अशी व्यवस्था करून जनरल मोटर्स कंपनीने १९३९ मध्ये ओल्ड्समोबिल मोटारीसाठी 'हायड्रामॅटिक' ही पेटी बाजारात आणली. तिच्या कामाची धुरा त्याच थॉम्प्सनने वाहिली होती. महायुद्धात ती रणगाड्यांतही वापरली गेली, आणि युद्ध संपल्यावर अमेरिकेत क्लचचे पेडल झपाट्याने दुर्मिळ होऊ लागले.

हे यश अमेरिकेतच का मिळाले, ह्याचे उत्तर हिशेबात आहे. तेल घुसळण्यात जी शक्ती खर्च होते ती उष्णता होऊन वाया जाते. मोठे इंजिन असलेल्या वजनदार मोटारीला, आणि स्वस्त पेट्रोल मिळणाऱ्या देशात, हा अपव्यय जाणवतही नाही. युरोपात परिस्थिती नेमकी उलट होती. १९५५ साली निघालेल्या 'फियाट ६००' ह्या मोटारीचे इंजिन ६३३ सी.सी. क्षमतेचे होते आणि तिची ताकद जेमतेम एकवीस-बावीस अश्वशक्ती होती. अशा गाडीने आपल्या तुटपुंज्या ताकदीतून तेलाला वाटा दिला, तर चार माणसांना घेऊन घाट चढायला तिच्यापाशी उरणार काय? शिवाय गाडी लहान म्हणून स्वयंचलित पेटीतील झडपा, चकत्या आणि चक्रे संख्येने कमी होत नाहीत. ती घडविण्याचा खर्च जवळजवळ तेवढाच राहतो. मोठ्या गाडीच्या किमतीत तो खपून जातो, छोट्या गाडीच्या किमतीत तो डोळ्यांवर येतो. ताकद, जागा आणि पैसा ह्या तिन्ही बाबतींत ओढगस्त असलेल्या घरात नोकर ठेवायचा, तसा हा प्रकार होता. काटकसर करावयाची ती कोठे, हाच पुढील साऱ्या प्रयत्नांतला कळीचा प्रश्न ठरला.

पहिले अस्सल उत्तर हॉलंडमधून आले. आइंडहोव्हन येथील डॅफ कंपनी ट्रक आणि त्यांच्यामागे जोडावयाच्या गाड्या बनवीत असे. तिचा संस्थापक हुब फान डोर्ने हा हाडाचा यंत्रज्ञ होता. कारखान्यात एका मोटरवरून अनेक यंत्रे चालविण्यासाठी पट्टे आणि कप्प्या सर्रास वापरल्या जात. तीच जुनी युक्ती त्याने मोटारीला लावली. कप्पीचे दोन अर्ध शंकूच्या आकाराचे करावयाचे आणि त्यांच्यातील अंतर कमी-अधिक होऊ द्यावयाचे. अर्ध जवळ आले की पट्टा वर सरकतो आणि कप्पी जणू मोठी होते. दूर गेले की पट्टा खाली उतरतो आणि कप्पी जणू लहान होते. पुढची कप्पी लहान असताना मागची मोठी असेल, तर गाडीला चढाचा जोर मिळतो. उलट झाले की वेग मिळतो. ह्यात पहिला, दुसरा, तिसरा असे गिअरच उरत नाहीत, गतीचे प्रमाण अखंड बदलत जाते. अंतर बदलण्याचे काम गोल फिरणारी वजने आणि इंजिनातील हवेच्या ओढीवर चालणारी निर्वात यंत्रणा ह्या दोघांवर सोपविलेले होते. निघताना क्लच आपोआप जोडला जाई, तोही फिरत्या वजनांच्या बाहेर फेकल्या जाण्याने. १९५८ च्या फेब्रुवारीत अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ५९० सी.सी.ची आणि अवघ्या बावीस अश्वशक्तीची 'डॅफ ६००' मांडली गेली, तेव्हा तेलाचा थेंबही न घुसळणारी स्वयंचलित गाडी लोकांना पाहायला मिळाली.

ह्या 'व्हॅरिओमॅटिक' यंत्रणेचे गुण आणि दोष दोन्ही रबरी पट्ट्यांत होते. दोन मागच्या चाकांसाठी दोन पट्टे असल्यामुळे वळणावर चाकांच्या फेऱ्यांत पडणारा फरक तेच सावरून घेत. मागे जाण्यासाठी फक्त दिशा उलटत असे, प्रमाण तेच राही; त्यामुळे ही गाडी पुढे जितक्या वेगाने धावे तितक्याच वेगाने मागेही धावू शके, आणि पुढे हॉलंडमध्ये जुन्या डॅफ गाड्यांच्या उलट धावण्याच्या शर्यतीही लोकांनी मोठ्या कौतुकाने पाहिल्या. दोषही तितकेच उघड होते. पट्टे झिजत, ताणले जात आणि बदलावे लागत. थंडीत चोक ओढून इंजिन जरा जोरात फिरू दिले, की फिरत्या वजनांना गाडी निघायची वेळ झाली असे वाटे आणि क्लच पकड घेऊ लागे. मालक अजून सावरून बसतो आहे की गाडीला निघायचे आहे, हा भेद डाव्या पायाला कळत होता. वजनांना तो कळण्याचा संभव नव्हता.

तरीही डॅफच्या ह्या पट्ट्यांविषयी एक गोष्ट विसरता येत नाही. ते गाडीखाली उघडे दिसत. किती झिजले हे डोळ्यांनी पाहता येई आणि साधा कारागीर ते बदलू शके. यंत्र अडखळले तर का अडखळले हे मालकाला समजत होते. वयस्कर माणसांची आणि भित्र्या चालकांची गाडी अशी तिची पुष्कळ थट्टा झाली. पण यंत्र नाजूक नव्हते, ह्याचा एक साक्षीदार मुंबई शहरही आहे. १९६८ च्या नोव्हेंबरात लंडनहून सिडनीकडे निघालेल्या मोटार-शर्यतीत दोन 'डॅफ ५५' गाड्या होत्या. तुर्कस्तान, इराण आणि अफगाणिस्तान ओलांडून शर्यतीचा काफिला दिल्लीमार्गे मुंबईस आला आणि मुंबईच्या धक्क्यावरून 'चुसान' बोटीने ऑस्ट्रेलियाला गेला. रॉब स्लोटमाकर आणि त्याच्या जोडीदाराने चालविलेली पट्ट्यांची डॅफ सिडनीला सतराव्या क्रमांकाने पोचली. तिच्याहून कितीतरी दणकट मानलेल्या गाड्या वाटेत मोडून पडल्या होत्या. यंत्राचा भार त्याच्या कुवतीत राहिला, म्हणजे रबराचा पट्टाही अर्धी पृथ्वी ओलांडू शकतो, हे त्यातून दिसले. पुढे १९७५ मध्ये डॅफचा मोटार-विभाग स्वीडनच्या व्होल्वो कंपनीकडे गेला आणि तीच यंत्रणा १९७६ च्या अधिक वजनदार 'व्होल्वो ३४३' मध्ये बसविली गेली. प्रारंभी त्या गाडीला दुसरी पेटीच नव्हती. पण थोड्याच वर्षांत हाताने बदलण्याच्या गिअरचाही पर्याय कंपनीला द्यावा लागला.

इतरत्र दुसरे मार्ग चोखाळले जात होते. इंग्लंडमध्ये १९५९ साली हिलमन मिंक्स मोटारीला 'ईझीड्राइव्ह' नावाची यंत्रणा देण्यात आली. तिच्यात लोखंडाची बारीक भुकटी भरलेली होती; वीज सोडली की चुंबकत्वाने ही भुकटी घट्ट होई आणि फिरणाऱ्या भागाला पकडी, वीज काढली की सैल पडे. कल्पना मोहक होती, पण बाजारात तिचा निभाव लागला नाही, आणि काही वर्षांतच त्याच मोटारीला तेलावर चालणारी पेटी आली. १९६५ मध्ये 'मिनी' ह्या चिमुकल्या मोटारीसाठी चार गतींची स्वयंचलित पेटी निघाली. मिनीत जागाच नसल्यामुळे ती इंजिनाच्या पोटाखाली बसविली होती आणि दोघांना तेल एकच होते. जागेची ही काटकसर वाखाणण्याजोगी होती, परंतु तिची किंमत तेलाला मोजावी लागे. इंजिनात जळालेल्या पेट्रोलची काजळी आणि धातूचे कण घेऊन तेच तेल पेटीच्या बारीक झडपांतून फिरे. ज्या मालकाने तेल वेळच्या वेळी बदलले त्याची पेटी टिकली. ज्याने साध्या मिनीसारखीच हयगय केली, त्याला ती जड गेली.

जर्मनीत फोक्सवॅगनने १९६८ च्या मॉडेलापासून आपल्या 'बीटल' मोटारीला निम्मी स्वयंचलित पेटी दिली. क्लचचे पेडल गेले, गिअरचा दांडा राहिला. दांड्याला हात लागला की त्यातील विजेचा खटका क्लच सोडवी आणि हात निघाला की पुन्हा जोडी. ह्या व्यवस्थेत एकच खोच होती. गाडी चालविताना दांड्यावर हात टेकवून ठेवण्याची सवय जगभरच्या चालकांना असते. तसा हात टेकला, की गाडीची आणि इंजिनाची फारकत होई आणि इंजिन मोकळे घुमू लागे. यंत्राने हुकुमाप्रमाणेच काम केले होते. हात गिअर बदलण्यासाठी आला आहे की विसाव्यासाठी, एवढेच त्याला ओळखता येत नव्हते. जपानमध्ये होंडा कंपनीने त्याच सुमारास आपल्या 'एन ३६०' ह्या इवल्याशा मोटारीसाठी स्वतःच्या पद्धतीची स्वयंचलित पेटी तयार केली. तिने नेहमीच्या ग्रहमालेसारख्या चक्ररचनेऐवजी साध्या पेटीसारखेच समांतर दांडे वापरले. पूर्वीचे जे ठाऊक होते त्याच्या आधाराने नवे उभारण्याची ही रीत होंडाने पुढे अनेक दशके चालविली.

हुब फान डोर्नेचे मन मात्र पट्ट्यातच गुंतलेले होते. रबराच्या मर्यादा त्याच्याइतक्या कोणालाच ठाऊक नव्हत्या. आयुष्याच्या अखेरच्या काळात त्याने पोलादी पट्ट्याची कल्पना हाती घेतली. पातळ पोलादी चकत्या शेकड्यांनी ओळीने लावून त्या लवचीक पोलादी कड्यांवर ओवल्या, की एक विलक्षण माळ तयार होते. साधा पट्टा ओढून शक्ती नेतो. ही माळ एका चकतीने पुढच्या चकतीला ढकलून शक्ती नेते. १९७९ मध्ये फान डोर्नेचे निधन झाले. १९८७ मध्ये हा पोलादी पट्टा सुबारू जस्टी, फियाट उनो आणि फोर्ड फिएस्टा ह्या लहान मोटारींतून रस्त्यावर आला, आणि पुढे जगभरच्या कोट्यवधी मोटारींत पसरला.

परंतु रबराची जागा पोलादाने घेतल्याबरोबर विश्वासाचे स्वरूपच पालटले. रबर थोडे घसरले तर झिजते, एवढेच. पोलाद पोलादावर घसरले तर दोन्ही पृष्ठे ओरखडतात, आणि एकदा ओरखडा पडला की तो वाढतच जातो. तो पडू नये म्हणून कप्प्यांना तेलाच्या मोठ्या दाबाने क्षणोक्षणी आवळून धरावे लागते. दाब कमी पडला तर पट्टा घसरणार, जास्त ठेवला तर पेट्रोल वाया जाणार. स्वस्त मोटारीत पेट्रोलची बचत हीच विक्रीची जाहिरात असते, म्हणून दाब गरजेपुरताच राखण्याकडे कल असतो. त्यातून तेल विशिष्ट प्रकारचेच लागते. भलतेच तेल घातले तर त्याचा परिणाम कित्येक हजार मैलांनंतर दिसतो. सुबारूने आपल्या जस्टीत निघण्याच्या क्लचसाठी पुन्हा ती जुनी चुंबकी भुकटीच वापरली, आणि तिला वीज पोचविणाऱ्या कार्बनच्या झिजणाऱ्या तुकड्यांची काळजीही तिच्याबरोबर आली. निसान कंपनीने अमेरिकेत अशा पट्ट्याच्या पेट्या फार मोठ्या प्रमाणावर वापरल्या. पुढे २००३ ते २०१० ह्या वर्षांच्या मॉडेलांसाठी त्या पेट्यांची हमी पाच वर्षांवरून दहा वर्षांपर्यंत आणि साठ हजार मैलांवरून एक लाख वीस हजार मैलांपर्यंत वाढविणे तिला भाग पडले. डॅफचा मालक खाली वाकून पट्टा पाहू शकत होता. ह्या नव्या मालकाला बंद पेटीच्या आत काय चालले आहे हे कळायला कंपनीच्या शब्दावाचून दुसरा मार्ग नव्हता.

एकविसाव्या शतकात संगणक स्वस्त झाला आणि अभियंत्यांना नवा हुरूप आला. तेल घुसळणेही नको आणि पट्टाही नको. लव्हासोरच्या जुन्या दातेरी पेटीलाच दोन क्लच लावावे, एकाने विषम गिअर सांभाळावे, दुसऱ्याने सम, आणि अदलाबदल संगणकाने करावी. एक सुटत असतानाच दुसरा पकडतो, त्यामुळे गाडीला धक्का बसत नाही आणि पेट्रोलही वाचते. मोठ्या मोटारींत हे क्लच तेलात बुडवून ठेवीत, म्हणजे घर्षणाची उष्णता तेल वाहून नेई. लहान मोटारींसाठी तेही खर्चाचे वाटले. तेल फिरवायला पंप हवा, पंपाला शक्ती हवी. म्हणून क्लच कोरडे ठेवले गेले. काटकसर कोठे करावी, ह्या जुन्या प्रश्नाचे हे नवे उत्तर होते.

फोक्सवॅगनची सात गतींची कोरड्या क्लचची पेटी २००८ मध्ये आली. पोलो, गोल्फ अशा मोटारींतून ती जगभर गेली. पुण्याजवळच्या चाकण येथे तयार झालेल्या पोलोच्या एका प्रकारातही २०१३ पासून ती बसविली जात होती. त्याच वर्षी मार्चमध्ये चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने तिच्याविषयीच्या तक्रारी जाहीर केल्या, आणि कंपनीने तेथील ३ लाख ८४ हजारांहून अधिक मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलाविल्या. नोव्हेंबरात जगभरच्या सुमारे १६ लाख मोटारींच्या पेटीतील तेल बदलण्याचे जाहीर झाले. कारण विचार करण्याजोगे होते. पेटीतले कृत्रिम तेल उष्ण आणि दमट हवामानात, विजेचा भार अधिक असताना, विद्युत्-पुरवठ्यात बिघाड घडवू शकत होते. त्याच्या जागी साधे खनिज तेल घालावयाचे होते. ज्या हवेत पेटी घडली, त्याहून वेगळ्या हवेत तिला राबावे लागले. चालकाचा डावा पाय मुंबईच्या पावसाळ्यातही त्याच बिनतक्रारपणे चालतो, हे यंत्र घडविणाऱ्याच्या लक्षात राहणे सोपे नसते.

फोर्ड कंपनीच्या फिएस्टा आणि फोकस ह्या मोटारींतील 'पॉवरशिफ्ट' पेटीची कथा अधिक खेदकारक आहे. ही पेटीही कोरड्या दोन क्लचची होती. निघताना गाडी थरथरे, पकड घेण्यास कचरे, मध्येच जोर सोडी. पेटीतील तेल गळून क्लचवर पोचले की थरथर आणखी वाढे. हे दोष यंत्रात होते. परंतु ऑस्ट्रेलियात तक्रार घेऊन आलेल्या कित्येक ग्राहकांना कंपनीने सांगितले, की ही थरथर तुमच्या चालविण्याच्या पद्धतीमुळे होते. गाडी बदलून देण्याची वेळ आली तेव्हाही अनेकांना पदरचे पैसे घालावे लागले. तेथील ग्राहक-संरक्षण आयोग न्यायालयात गेला, आणि एप्रिल २०१८ मध्ये फेडरल कोर्टाने ही वागणूक विवेकाला न धरणारी ठरवून कंपनीला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. अमेरिकेतही ह्या मोटारींच्या मालकांनी सामुदायिक दावा केला आणि त्याची तडजोड २०२० मध्ये मंजूर झाली.

ह्या निकालाचे महत्त्व दंडाच्या रकमेत नाही. पायाला रजा देऊन त्याचे काम यंत्राने अंगावर घेतले होते. हेच यंत्र विकताना मोठ्या आनंदाने सांगितले गेले होते. काम बिघडले, तेव्हा मात्र जाब विचारला गेला तो रजेवर असलेल्या पायालाच. लहान मोटार घेणारा माणूस बहुधा आयुष्यातील पहिली मोटार घेत असतो. तिच्यात त्याची काही वर्षांची शिल्लक असते किंवा पुढच्या काही वर्षांचा पगार गहाण पडलेला असतो. श्रीमंताची दुसरी मोटार दारात उभी असते. ह्याची मुले शाळेत आणि म्हातारी आई दवाखान्यात ह्याच एका गाडीने जातात. अशा माणसाला, तुझे तुलाच चालविता येत नाही, असे सांगणे म्हणजे त्याच्या नुकसानीवर अपमानाचे मीठ चोळणे होय. न्यायालयाने जो पदभार घेतो त्याच्याकडेच जबाबदारी जाते, हे साधे तत्त्व पुन्हा एकदा नोंदवून ठेवले.

भारतात लहान स्वयंचलित मोटारींना खरा बहर आला तो २०१४ नंतर. त्या वर्षी फेब्रुवारीत मारुती सुझुकीच्या सेलेरिओ मोटारीत मॅग्नेटी मारेल्ली कंपनीची एक साधी युक्ती आली. नेहमीचीच गिअरपेटी, नेहमीचाच क्लच. फक्त ते हलविण्याचे काम हातापायांऐवजी विजेवर चालणारी तेलाच्या दाबाची यंत्रणा करते. किंमत थोडीच वाढली आणि पेट्रोलचा खर्च वाढला नाही, म्हणून किफायतीकडे डोळा ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाने ती उचलून धरली. गिअर बदलताना क्षणभर डोके पुढे झुकते, एवढी तिची उघड उणीव. दुसरी उणीव कमी दिसणारी आहे. चढावर वाहनांच्या रांगेत थांबले असता काही चालक ब्रेक न लावता अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबून गाडी जागच्या जागी तोलून धरतात. क्लच तेवढा वेळ घसरत राहतो आणि तापतो. हाताच्या गिअरच्या मोटारीतही हा मोह होतोच. पण तेथे थोड्याच वेळात डावा पाय दुखू लागतो आणि माणूस नाइलाजाने ब्रेक लावतो. ते दुखणे म्हणजे क्लचचीच कैफियत होती. पाय मोकळा झाला, तसा कैफियत मांडणाराही गेला. आता ते काम धोक्याच्या दिव्याने किंवा माहितीपुस्तिकेतील एका वाक्याने करावयाचे असते, आणि ती पुस्तिका बहुधा मोटारीच्या खणात न उघडलेली पडलेली असते.

ह्या सर्व इतिहासाला विजेच्या मोटारीने एक निराळेच वळण दिले आहे. विजेची मोटर वाफेच्या इंजिनाप्रमाणे उभ्या जागेवरून पूर्ण जोर लावते. २०२२ मध्ये टाटा मोटर्सने टियागो ह्या लहान मोटारीचा विजेवर चालणारा प्रकार जाहीर केला. तिच्यात आणि तिच्यासारख्या बहुतेक मोटारींत एकच कायमचे प्रमाण पुरते. बदलण्याजोगा गिअर नाही आणि क्लचही नाही. फ्योटिंगरचे तेल, फान डोर्नेचा पट्टा, चुंबकाची भुकटी आणि कोरड्या क्लचांची जोडी ह्यांनी जे काम हरप्रकारे पार पाडण्याचा यत्न केला, ते कामच तेथे उरत नाही. पण पेट्रोलच्या लहान मोटारी अजून रस्त्यांवर मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांतील प्रत्येक बंद पेटीत पूर्वीच्या पायाचा कोणीतरी कारभारी राबत आहे. त्याचे तेल वेळेवर बदलणे ही मालकाची बाजू. त्याला झेपेल एवढेच काम त्याच्यावर सोपविणे, आणि तो चुकला तर ती चूक आपली म्हणून पदरी घेणे, ही घडविणाऱ्याची. पायाची रजा मंजूर करणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवले, तर ती रजा कोणालाच महाग पडणार नाही.